धुराला हायड्रोजन जोडायचा, तर भांड्यात द्रव कोणता?

(बपेरा, ता. तुमसर, जि. भंडारा येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



इथे येताना रस्त्यात एका शेतकरी गृहस्थांनी विचारलं, "सर, आज कशावर बोलता जी?" मी म्हटलं, द्रावकांवर. "म्हंजे?" म्हटलं, साखर पाण्यात विरघळते ना, त्यातलं ते पाणी. ते हसले. म्हणाले, "पानी त पानीच आहे ना जी, त्यात बोलाचं का आहे?"

त्यांना हसू नका. मी रसायनशास्त्रात पीएच.डी. केली, तीसेक वर्षं शिकवलं, आणि त्यातली निम्मी वर्षं माझंही मत साधारण हेच होतं. पुस्तकात रासायनिक समीकरण कसं छापतात? डावीकडे काय घेतलं, उजवीकडे काय मिळालं, मध्ये बाण. बाणाच्या वर उत्प्रेरकाचं नाव. आणि बाणाच्या खाली, अगदी बारीक अक्षरात, द्रावक. विद्यार्थी तो शब्द वाचतसुद्धा नाहीत. आज मला त्या बारीक अक्षरातल्या शब्दाबद्दलच बोलायचं आहे.

विषय इथलाच घेऊ. वैनगंगेच्या पलीकडे तिरोड्याचं औष्णिक वीज केंद्र आहे, ३३०० मेगावॅटचं. नागपूरकडे जाताना मौद्याचं लागतं, २३२० मेगावॅटचं. कोळशापासून एक युनिट वीज काढली की साधारण पाऊण ते एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे तिरोड्याचे सगळे संच पूर्ण क्षमतेने चालत असतील, तर तासाला अडीच ते तीन हजार टन. हा वायू दिसत नाही. चिमणीतून दिसते ती वाफ आणि थोडी धूळ.

आता लोक म्हणतात, या वायूचंच इंधन करा. शक्य आहे का? आहे. पण एक गोष्ट आधी लक्षात घ्या: कार्बन डायऑक्साइड ही कोळशाची वायुरूप राख आहे. चुलीतली राख पुन्हा पेटत नाही. तिला पेटण्याजोगं करायचं तर तिच्यात हायड्रोजन घालावा लागतो. एक रेणू हायड्रोजन जोडला की फॉर्मिक आम्ल मिळतं. तीन जोडले की मेथनॉल आणि सोबत पाणी, चार जोडले की मिथेन आणि आणखी पाणी. फॉर्मिक आम्ल म्हणजे मुंग्यांचं आम्ल. लाल मुंगी चावल्यावर जी आग होते त्यात ते असतं, आणि गडचिरोली-बस्तरकडे लाल मुंग्यांची चटणी खातात तिच्या आंबटपणातही. चामडं कमावताना, रबराचा चीक गोठवताना ते टनांनी लागतं. आज मी मुख्यतः त्याच्याबद्दल बोलणार, कारण द्रावकाचं काम तिथे सगळ्यात स्वच्छ दिसतं.

हायड्रोजन जोडणं आपल्याला नवीन नाही. डालडा खाऊनच आमची पिढी वाढली. तेलात निकेलची बारीक भुकटी घालायची, दाबाखाली हायड्रोजन सोडायचा, तेलाचं तूप होतं. पण तिथे तेल स्वतःच द्रव आहे. ते स्वतःच द्रावक, स्वतःच कच्चा माल. कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत दोन्ही पाहुणे वायू आहेत, आणि भेटीची जागा आपल्यालाच शोधावी लागते.

पहिली अडचण. प्रक्रिया आपसूक होईल की नाही, हे मोजायला रसायनशास्त्रात मुक्त ऊर्जा नावाचं माप आहे. आकडा उणे असेल तर उतार, अधिक असेल तर चढ. दोन वायू घेऊन त्यांचं शुद्ध, द्रवरूप फॉर्मिक आम्ल करायचं म्हटलं, तर साध्या तापमानाला, मोलमागे ३३ किलोज्यूलचा चढ आहे. का? मोकळे हिंडणारे दोन रेणू बांधून एक करायचे आणि तोही द्रवात डांबायचा. स्वातंत्र्य जातं, त्याची किंमत पडते. इथे कितीही चांगला उत्प्रेरक टाका, उपयोग नाही. उत्प्रेरक घाटातला रस्ता सोपा करतो. वरचं गाव खाली आणत नाही.

आता तेच पाण्यात करा. दोन्ही वायू पाण्यात विरघळलेले, तयार होणारं आम्लही पाण्यातच. आकडा होतो उणे ४. चढाचा उतार झाला! वायूंना पाण्यात करमत नाही, आणि फॉर्मिक आम्लाला मात्र पाण्याचे रेणू चारी बाजूंनी हात देतात. त्या पाण्यात अमोनिया घाला, म्हणजे तयार झालेलं आम्ल लगेच क्षाराच्या रूपात अडकेल. आकडा उणे ३५. ३३ चा चढ ते ३५ चा उतार, आणि यात उत्प्रेरक कुठेच आला नाही. हे सगळं बाणाखालच्या बारीक अक्षरांनी केलं.

दुसरी अडचण भेटीची. सोड्याची बाटली फोडली की फसफसतं ते काय, कार्बन डायऑक्साइडच. तो पाण्यात बऱ्यापैकी विरघळतो: २५ अंशाला, एका वातावरणाच्या दाबाखाली, लिटरभर पाण्यात सुमारे दीड ग्रॅम. आणि हायड्रोजन? दीड मिलिग्रॅम. रेणू मोजले तर चाळीसपटीचा फरक. म्हणजे पाण्यातल्या या लग्नात एका बाजूचं वऱ्हाड खचाखच आणि दुसऱ्या बाजूचे चार जण. मेथनॉलमध्ये हायड्रोजन पाण्याच्या चार-पाच पट विरघळतो. आणि एक गंमत: तापवलं की वायू द्रवातून निघून जातो असं आपण शाळेत शिकतो, पण बऱ्याच सेंद्रिय द्रावकांत हायड्रोजन उलटा वागतो, तापवल्यावर जास्त विरघळतो.

हा हायड्रोजन वायूतून द्रवात, द्रवातून घन उत्प्रेरकाच्या कणावर किती वेगाने पोचतो, याचं गणित नीट मांडणाऱ्यांत आपले पुण्याचे लोक होते. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतले रामचंद्रन आणि चौधरी यांचं तीन अवस्थांच्या उत्प्रेरकी भट्ट्यांवरचं इंग्रजी पुस्तक १९८३ साली आलं. माझ्या प्रतीची पानं सुटली आहेत. हळू चालणारी प्रक्रिया बघितली की आपण लगेच उत्प्रेरकाला नावं ठेवतो. पुष्कळदा तो बिचारा हायड्रोजनची वाट बघत बसलेला असतो.

इथे मला माझी एक गोष्ट सांगायची आहे. ती सांगायचीच म्हणून मी हा विषय घेतला, असं म्हटलं तरी चालेल.

माझ्याकडे एक विद्यार्थिनी पीएच.डी. करत होती. रुथेनियमचा उत्प्रेरक, अमाइन, आणि टीएचएफ नावाचा द्रावक. ऑटोक्लेव्हमध्ये दोन्ही वायू दाबाखाली. तिचे आकडे जुळेनात. सोमवारी चांगलं उत्पादन, गुरुवारी चौथा हिस्सा, पुढच्या आठवड्यात पुन्हा चांगलं. मी म्हटलं, द्रावक नीट कोरडा करत नाहीस. सोडियमवर उकळून, ऊर्ध्वपातन करून, नायट्रोजनखाली ठेव. तिने केलं. उत्पादन जवळजवळ बंद पडलं. मी म्हटलं, अजून ओल राहिली असेल. तिने आणखी कोरडं केलं. आणखी बंद पडलं. मग एका दुपारी, प्रयोगशाळेत सगळ्यांच्या देखत, मी तिला निष्काळजी म्हटलं. शब्द याहून वाईट होते.

ती काही बोलली नाही. पुढचा महिनाभर तिने माझ्या सांगण्यावाचून एक काम केलं. पूर्ण कोरडा टीएचएफ घ्यायचा आणि सिरिंजने मोजून पाणी घालायचं. आधी काहीच नाही, मग एक थेंब, मग दोन, मग चार. तिने आलेख काढून माझ्या टेबलावर ठेवला. पाणी नाही तर प्रक्रिया जवळजवळ नाही. थोडं पाणी की वेग चढतो. फार पाणी घातलं की पुन्हा उतरतो. सोमवारची बाटली जुनी, ओल लागलेली होती. गुरुवारची नवीन होती.

आणि लाज वाटण्यासारखी गोष्ट पुढे आहे. हे जगाला माहीत होतं. जपानमध्ये इनोउए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली, अशाच धातूंच्या संयुगांनी कार्बन डायऑक्साइडचं फॉर्मिक आम्ल करून दाखवलं, तेव्हाच थोड्या पाण्याने वेग वाढतो हे नोंदवलं होतं. तो लेख माझ्या कपाटात होता. मी त्यातला उत्प्रेरक वाचला होता, पाणी वाचलं नव्हतं. तिचं एक वर्ष माझ्या हट्टापायी गेलं. मी तिची माफी मागितली ती एकांतात. बोललो होतो सगळ्यांसमोर. हे दोन्ही जुळत नाही, हे मला तेव्हा कळलं नाही.

तर ते पाणी तिथे करतं काय? हायड्रोजनचा रेणू धातूवर येतो आणि दुभंगतो. एक भाग धातूला चिकटतो, दोन इलेक्ट्रॉन जवळ धरून. त्याला हायड्राइड म्हणू. दुसरा भाग, प्रोटॉन, अमाइन घेऊन जातो. आता हायड्राइडने उडी मारायची आहे कार्बन डायऑक्साइडच्या मधल्या कार्बनवर. पाण्याचा रेणू शेजारी असेल तर तो कार्बन डायऑक्साइडच्या ऑक्सिजनला हायड्रोजनबंधाने धरतो, त्यामुळे कार्बनवर इलेक्ट्रॉनची चणचण वाढते आणि हायड्राइडची उडी सोपी होते. शिवाय तयार होणारं फॉर्मेट हे विद्युतभारित आहे. भारित कणाला बेंझिन-टोल्युइनसारख्या तेलकट द्रवात कोणी विचारत नाही. पाण्यात, मेथनॉलमध्ये त्याची सोय होते. फार पाणी झालं की मात्र उत्प्रेरक नीट विरघळत नाही, हायड्रोजनची टंचाई येते, आणि अल्कली असेल तर कार्बन डायऑक्साइड स्वतःच बायकार्बोनेट होऊन बसतो, म्हणजे कच्चा मालच बदलतो.

धातूने हायड्राइड सोडणं किती अवघड, याचंही माप आहे. फॉर्मेटपासून हायड्राइड काढून घ्यायला ॲसिटोनायट्राइल या द्रावकात मोलमागे सुमारे ४४ किलोकॅलरी लागतात. पाण्यात २४. तेच फॉर्मेट! धातूंचे आकडेही पाण्यात असेच उतरतात, आणि कित्येक धातूंचे तर फॉर्मेटपेक्षाही जास्त उतरतात. म्हणजे एका द्रावकात जो धातू कंजूष, तो दुसऱ्यात दाता. २०१७ साली अमेरिकेतल्या एका गटाने निकेलच्या एका संयुगाने हे दाखवून दिलं. सेंद्रिय द्रावकात त्याच्याकडून हे काम करून घ्यायला फारच तीव्र अल्कली लागली असती. पाण्यात साध्या बायकार्बोनेटवर भागलं. निकेल रुथेनियमच्या मानाने मातीमोल आहे, म्हणून या गोष्टीला महत्त्व. मग "चांगला उत्प्रेरक कोणता" हा प्रश्न अर्धवटच ठरतो. कुठल्या द्रवात, हे विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

या क्षेत्रातला मला सगळ्यात आवडणारा प्रयोग १९९४ सालचा आहे: जेसप, इकारिया आणि नोयोरी. यातले नोयोरी म्हणजे पुढे २००१ साली नोबेल मिळालेले. त्यांनी काय केलं, तर द्रावक आणलाच नाही. कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांच्या वर आणि सुमारे ७४ बार दाबापलीकडे नेला की तो ना धड वायू ना धड द्रव अशा अवस्थेत जातो. दाटपणा द्रवासारखा, हिंडणं-फिरणं वायूसारखं. त्यांनी कच्च्या मालालाच द्रावक केलं. त्यात हायड्रोजन वाटेल तितका मिसळतो, कारण वायूत वायू मिसळायला कसली मर्यादा? रुथेनियमचा असा उत्प्रेरक निवडला की तो त्यात विरघळेल, आणि सोबत ट्रायइथाइल अमाइन. तासाला उत्प्रेरकाच्या एका रेणूमागे १४०० रेणू फॉर्मिक आम्ल, ५० अंशाला. नेहमीच्या द्रावकांत तोच उत्प्रेरक याच्या आसपासही येत नव्हता. आणि तिथेही, बरं का, चिमूटभर पाणी घातलेलं होतं.

पुढे २००९ मध्ये नोझाकी यांच्या गटाने इरिडियमच्या संयुगाने, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या पाण्यातल्या द्रावणात तासाला दीड लाखाचा वेग गाठला. आकडा डोळे दिपवणारा आहे. पण मला विचाराल तर मी त्याला टाळी वाजवून पुढे जाईन. कारण हाती पडतं ते फॉर्मिक आम्ल नाही, त्याचा पोटॅशियम क्षार आहे. आम्ल हवं असेल तर त्यात दुसरं आम्ल ओता आणि वर दुसऱ्या क्षाराचा ढीग सांभाळा.

इथे हिशेबाची दुसरी बाजू सुरू होते. द्रावक जेवढी मिठी घट्ट मारतो, तेवढं उत्पादन सहज तयार होतं आणि तेवढंच सोडवून घ्यायला जड जातं. २०१४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लॉझानला मोरे, डायसन आणि लॉरेन्सी यांनी अल्कलीशिवायच फॉर्मिक आम्ल करून दाखवलं. पाण्यात लिटरमागे ०.२ मोल जमलं, डीएमएसओ या द्रावकात १.९ मोल. जवळजवळ दहापट. छान. पण डीएमएसओ उकळतो १८९ अंशाला, फॉर्मिक आम्ल १०१ ला, आणि डीएमएसओने त्याला हायड्रोजनबंधांनी धरून ठेवलेलं. म्हणूनच तर इतकं तयार झालं! पाण्यातून काढायला जावं तर दोघांचे उत्कलनबिंदू शेजारी, आणि एका ठरावीक प्रमाणाला दोघं जोडीनेच उकळतात. त्यातून उत्प्रेरक भांड्यात राहिला असेल आणि तुम्ही तापवलंत, तर तोच उत्प्रेरक आम्ल मोडून पुन्हा दोन्ही वायू करून देतो. उत्प्रेरकाला दोन्ही दिशा सारख्याच.

जर्मनीतल्या बीएएसएफच्या शाउब आणि पासिएलो यांनी २०११ मध्ये यावर तोडगा दाखवला, तो मला फार शहाणपणाचा वाटतो. त्यांनी एकमेकांत न मिसळणारे दोन द्रव घेतले. एक तेलकट अमाइन, त्यात उत्प्रेरक राहतो. दुसरा डायॉल, म्हणजे ग्लायकॉलच्या जातीचा. त्यात तयार माल उतरतो. दही घुसळल्यावर लोणी वर येतं आणि ताक खाली राहतं, तसं. उत्प्रेरक परत भट्टीत, माल पुढे. कागदावर वेग कमी दिसेल, पण कारखानदार वेग बघत नाही, वेगळं करायला किती वाफ जळते ते बघतो.

मेथनॉलबद्दल थोडक्यात. ते आज तांबे-जस्ताच्या घन उत्प्रेरकावर, अडीचशे अंशांच्या आसपास, वायूतच करतात. तिथे द्रावक नसतो, पण अडचण आहेच: मेथनॉलबरोबर निघणारं पाणी उत्प्रेरकाला जाच करतं. म्हणजे फॉर्मिक आम्लाला तारणारं पाणी मेथनॉलच्या वाटेत आडवं येतं. जपानमध्ये त्सुबाकी आणि सहकाऱ्यांनी अल्कोहोलच द्रावक म्हणून वापरून हीच प्रक्रिया १७० अंशावर आणली. अल्कोहोल मध्येच फॉर्मेटशी एस्टर करतं आणि शेवटी जसंच्या तसं सुटतं. द्रावक म्हणून आला आणि उत्प्रेरकाचं काम करून गेला.

आता आपल्याकडचं. कार्बन डायऑक्साइड अमाइनमध्ये कसा शोषला जातो, या विषयाचा पाया घालणाऱ्यांत मुंबईचे प्राध्यापक मनमोहन शर्मा आहेत. केंब्रिजला डँकवर्ट्स यांच्याकडे पीएच.डी. करून ते १९६४ साली माटुंग्याला यूडीसीटीत आले, आणि १९६६ मध्ये दोघांचा या विषयावरचा लेख आला. ते रॉयल सोसायटीवरही निवडून गेले. तेव्हा कुणाच्या डोक्यात हवामान नव्हतं; खत कारखान्यांतला वायू शुद्ध करायचा होता. आज धुरातून कार्बन डायऑक्साइड वेगळा काढणारा प्रत्येक जण त्याच वाटेने जातो.

आपल्या शेजारच्या राज्यात, सिंगरौलीला, एनटीपीसीच्या विंध्याचल केंद्रात असा संच आहे. धुरातून रोज २० टन कार्बन डायऑक्साइड अमाइनने पकडायचा, हे काम २०२२ मध्ये सुरू झालं; आणि त्यापासून रोज १० टन मेथनॉल. यात अमाइनने पकडलेला वायू तापवून बाहेर काढावा लागतो. नेहमीच्या अमाइनला टनामागे साडेतीन-चार गिगाज्यूल उष्णता लागते. मग तो दाबायचा, मग भट्टीत घालायचा. आता तुम्हीच सांगा: पकडलेला वायू आधीच अमाइनच्या द्रावणात बसलेला आहे, आणि आपण मघाशी बघितलं की अमाइनचं द्रावण हीच हायड्रोजन जोडण्याची उत्तम जागा आहे. मग त्याला बाहेर काढून पुन्हा कशाला न्यायचं? तिथेच हायड्रोजन सोडा! नेमकं हे अमेरिकेत जॉर्ज ओलाह आणि आपले बंगळूरचे सूर्य प्रकाश यांच्या गटाने २०१६ मध्ये केलं. हवेतला कार्बन डायऑक्साइड अमाइनमध्ये पकडून, बाहेर न काढता, रुथेनियमने त्याचं मेथनॉल केलं, ७९ टक्क्यांपर्यंत. पकडणारा आणि बदलणारा द्रावक एकच. माझ्या मते या क्षेत्रात पैसा आणि डोकं घालायचं तर इथे घालावं. अजून उत्प्रेरक फार महाग आहे आणि अमाइन तापून खराब होतं, हे खरं.

मघाचे गृहस्थ मागे बसलेत, ते आता विचारतील, "मंग तिरोड्याच्या धुराचं का करता जी?" म्हणून मी आधीच गणित करून आणलं आहे. विंध्याचलचे दिवसाचे २० टन म्हणजे तिरोड्याच्या चिमण्यांचं, पूर्ण क्षमतेवर, अर्ध्या मिनिटाचं काम. तिथला सगळा वायू मेथनॉलमध्ये घालायचा म्हटलं तर तासाला पावणेचारशे टन हायड्रोजन लागेल. पाण्यापासून वीज वापरून किलोभर हायड्रोजन काढायला पन्नासेक युनिट जातात. म्हणजे अठरा-एकोणीस हजार मेगावॅट. केंद्र स्वतः काढतं त्याच्या पाचपटींहून जास्त. फॉर्मिक आम्ल केलं तर तिसरा हिस्सा, तरी जवळपास दुप्पट. आणि एवढं फॉर्मिक आम्ल घेणार कोण?

द्रावक कितीही चांगला शोधला तरी हा आकडा हलत नाही. तो हायड्रोजनचा आकडा आहे. द्रावकाने वाचते ती पकडण्याची, तापवण्याची, वेगळं करण्याची उष्णता. तेव्हा चिमणीला नळी लावून पेट्रोल पंप काढू असं कुणी सांगत आलं, तर त्याला हायड्रोजन कुठून आणणार ते विचारा. साखर कारखान्यांच्या आसवन्यांतून मात्र मळी आंबताना जवळजवळ शुद्ध कार्बन डायऑक्साइड निघतो, पकडायचा खर्च नाहीच. दिवसा सौर वीज उरत असेल तिथे त्याचं फॉर्मिक आम्ल करायचा छोटा संच मला पटण्यासारखा वाटतो, आणि तिथे पहिला प्रश्न हाच येईल की द्रव कोणता आणि त्यातून माल सोडवायचा कसा.

त्या विद्यार्थिनीचा आलेख मी आणला आहे. मूळ कागदच आहे, पेन्सिलने काढलेला. खालच्या रेघेवर पाण्याचे थेंब, उभ्या रेघेवर वेग. हातोहात फिरवा आणि परत माझ्याकडे द्या. तोवर चहा येतो आहे, प्रश्न चहाबरोबर घेऊ.